माप

टेबलावर निळा कागद पसरून
त्यांनी तीन मांडले,
नुकतेच सोलून ठेवलेले ताडगोळे जणू.
मी तसं म्हणाले नाही.
शेफील्डमध्ये ताडगोळा कुणाला समजावत बसणार?

"हातात घेऊन बघा," मिस अडेयेमी म्हणाल्या.
इथे सर्जन झालं की डॉक्टर ही पदवी गळून पडते;
सगळं शिकून झालं की बाई पुन्हा नुसती मिस.

दोनशे पंचाहत्तर. तीनशे दहा. तीनशे साठ.
अकरा वर्षांपूर्वी मला कुणी हातात दिलं नव्हतं.
तेव्हा गाठ काढायची घाई होती,
आणि परक्या गावच्या खानावळीत म्हणतात तसं
मी म्हणाले होते, जे असेल ते वाढा.

जे वाढलं ते आवळत गेलं.
शरीराने त्याच्याभोवती भिंत घातली,
बांधावरून भांडण असलेल्या शेजाऱ्यासारखी,
दर वर्षी एक थर.
केतकी मिठी मारायची तेव्हा मी जरा तिरकी उभी राहायचे.
तिला वाटे, आईची सवय.
मग त्यात जंतू शिरले. जूनमध्ये काढला.

"जुना कितीचा होता?"
पाकिटात, लायब्ररीच्या कार्डामागे, ते कार्ड अजून होतं:
स्टिकर, नंबर, तीनशे तीस, उजवा.
डाव्याला नंबर नाही.
डावा माझ्याबरोबर त्रेपन्नाचा झाला, वाकला, मऊ पडला;
उजवा निघेपर्यंत बेचाळिशीतच अडून बसला होता.

"डावा थोडा उचलून घेऊ, म्हणजे जोडी जमेल."
नाही, मी म्हणाले, चटकन, इंग्रजीत.
इंग्रजीत मला हे सगळे शब्द येतात.
मराठीत मी अजून 'ते' म्हणते. श्रीरंगही.
दोघांनी मिळून अकरा वर्षं
एका सर्वनामावर काढली.

नर्स मॉरीन फायलीतून मान वर न करता म्हणाली,
काही न घालणं हाही पर्याय आहे.
माझ्या बहिणीने तेच केलं. पोहायला जाते.
नाहीतर घरी तांदूळ वापरून बघा,
मोज्यात भरायचे, गाठ मारायची,
दिवसभर घालून हिंडायचं.

घरी मापाचा जग काढला.
बासमती टोचते,
म्हणून डब्याच्या तळाशी उरलेला आंबेमोहोर घेतला.
लग्नात उंबऱ्यावरचं माप मी पायाने लवंडलं होतं,
दाणे किती सांडले कुणी मोजले नव्हते.
आता मीच भरत होते,
जग डोळ्यांच्या रेषेत धरून,
एक चिमूट जास्त झाली तर काढून.

दोनशे पंचाहत्तर घालून क्रूक्सचा चढ चढले.
चमच्यांच्या कारखान्यात, हिशेबाच्या टेबलाशी,
दाणे हळूच सरकले.
बारा वाजेपर्यंत मीच विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी तीनशे दहा.
ते काही विसरू देईनात.
कुणीतरी सतत अंगाला टेकून
काहीतरी सांगतंय, असं.
तीनशे साठ मी भरलेच नाहीत.

गुरुवारी काहीच नाही.
वारा त्या बाजूने थेट आत आला.
वाईट नव्हता.
फक्त बस स्टॉपवर एकदा हात आपोआप तिथे गेला,
किल्ली घरात राहिली का, चाचपावं तसा.

शुक्रवारी पुन्हा पहिला मोजा चढवला
आणि त्याच्यासकट मॉरीनला फोन केला.
दोनशे पंचाहत्तर. डाव्याला हात लावायचा नाही.
"जोडी अगदी नाही जमणार हं."
माझी आणि नवऱ्याची उंची तरी कुठे जमते,
मी म्हणाले. ती हसली, तारीख देते म्हणाली.

रात्री गाठ सोडली.
दाणे अजून कोमट होते.
टाकवेनात.
तीनदा धुतले, कुकर लावला.
श्रीरंग दुसऱ्यांदा भात घेताना म्हणाला,
आज वेगळा लागतोय गं.
आंबेमोहोर आहे, मी म्हणाले.
तळाचा.