पाठकोरा

ताकेफू स्टेशनच्या मागल्या अंगाला
रात्रभर उघडं राहणारं दुकान. गल्ल्यावर मी.
बाहेर बर्फ, आत ओदेनचं भांडं रटरटतंय,
मुळा, अंडी, माशाच्या वड्या,
आणि समोर तिघं, ज्यांना काहीच विकत घ्यायचं नाही.

मार्चच्या तेराला ‘सातवी घडी’ येतोय.
गेम. सगळा कागदाचा.
कागदाचा डोंगर, कागदाचा समुद्र,
चुरगळला की वादळ होणारा,
आणि कागदाचा एक पोरगा, पायी निघालेला.
आमच्या हाती फक्त ट्रेलर :
एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद.
तेवढ्यावर आम्ही नोव्हेंबरपासून तगून आहोत.

पहिल्यांदा चिगुसाच्या लक्षात आलं,
पोरगा एकदाही पाठ दाखवत नाही.
शिडी चढतो तीही तोंड आमच्याकडे करून.
पळतो खेकड्यासारखा, तिरका.
“पाठीवर काहीतरी लिहिलंय,” ती म्हणाली,
हातातला पाव तसाच राहिला.

त्या रात्रीपासून आमचे कागदी घोडे सुटले.

ट्रकवाला ओनिशी म्हणतो, कसलं लिहिलंय!
पाठकोरा असेल. कंपनीने खर्च वाचवला.
आणि खलनायक म्हणजे कात्री,
कागदाला दुसरं कोण मारणार?
चिगुसाने मग तो किल्ला करून पाहिला,
बाविसाव्या सेकंदाला दिसणारा,
एका चौकोनी कागदातून, न कापता.
अकरा दिवस. गणिताची वही अर्धी झाली.
बुरूज येतो, तट येतो,
दार येत नाही.
दार हवं तर कुठेतरी चीर द्यावीच लागते.
ओनिशी खूश. सगळ्यांना कॉफी पाजली त्याने.
ती मात्र कप फिरवत बसली :
“म्हणजे दार कात्रीनेच दिलं ना?”

मी आपला पावत्यांना घड्या घालतो.
आमच्या पावतीला शाई लागत नाही, ऊब लागते.
एकदा मी केलेला पोरगा भांड्याशेजारी राहिला,
पहाटेपर्यंत काळाठिक्कर :
किंमत, तारीख, दुकानाचे आभार, सगळं गिळून.
तेव्हापासून माझा तर्क, कात्री नाहीच,
कुणीतरी मायेने जवळ घेणारं असणार.
ओनिशी हसला. तुझं लग्न कुठे झालंय, म्हणाला.

कुवाबारासान कमी बोलतात.
चाळीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी, लाल मोपेडवरून.
गेम जमत नाही, बटणं उलटी दाबतात,
ट्रेलर मात्र तोंडपाठ.
म्हणाल्या, असा कागद मी रोज हाताळलाय,
लिहिलेली बाजू आत ठेवून दुमडलेला.
ते गुपित नसतं.
तो अजून वाटेत असतो, एवढंच.

मग पाठीवर काय, आम्ही विचारलं.
त्यांनी कोपऱ्यात उभ्याने चार ओळी लिहिल्या,
का एकच, हात आडवा होता,
पाकिटात घातल्या, डिंक चाटून बंद केला.
“खेळ संपला की फोडा.”

उद्या तेरा.
चिगुसा शाळा बुडवणार. ओनिशी निगाताला
माल उतरवून वाटेला लागलाय, बर्फ आडवा येतोय.
उद्या एकाचं खरं होईल, बाकीची रद्दी.
किंवा सगळ्यांचीच.
नव्या कापडाची घडी मोडावी तशी उद्या मोडायची,
इतके दिवस नुसता वास घेत होतो.

आणि आत्ता, दोन वाजून दहा मिनिटांनी,
गल्ल्याखाली हात घालतो तर
पाकिटाचं तोंड सुटलेलं.
कुणी हात लावला नाही. ओदेनची वाफ.
आतल्या कागदाची एक कड दिसते, पांढरी,
इकडून तरी पांढरीच.

मी अंगठ्याने दाबून धरलंय
डिंक पुन्हा धरेपर्यंत.
एक गिऱ्हाईक आलं, छत्री झटकत, सिगारेट मागत.
म्हटलं, डावीकडून तिसरं खोकं, तुम्हीच घ्या,
आणि सुटे असतील तर बरं,
माझा एक हात अडकलाय.