भाड्याचे चष्मे

चष्म्याचे दीडशे पेसो, पायातले पंखे वेगळे.
होडीचं भाडं चौघांनी वाटून घ्या.
क्रूसाच्या चौथऱ्यापर्यंत नेतो;
पायऱ्यांवर शेवाळ आहे, जपून.
पोहता येत नसेल त्याने होडीतच बसावं.
ऊन असलं की तळ तिथूनही दिसतो.

काय बघायचं खाली, सगळेच विचारतात.
प्रवाळ. परातीएवढे शिंपले,
सावली पडली की ओठ मिटून घेतात.
निळे मासे, पिवळे मासे. नावं मला आमच्या बोलीत येतात,
ती तुमच्या काही कामाची नाहीत.
आणि कबरी.

डोंगर फुटला तेव्हा माझी खापरपणजी
भात कांडत होती म्हणे, आठ वर्षांची.
जिवंत माणसं वर पळाली,
मेलेल्यांना कोण उचलणार?
दफनभूमी आहे तशी खाली गेली.
तिची आई तीन आठवड्यांपूर्वीच पुरलेली.
वरची माती अजून बसलीही नव्हती,
तोवर समुद्र बसला.

दुपारी टेकडी.
चौदा थांबे आहेत, सिमेंटचे पुतळे,
एका शिपायाचा भाला वादळात गेला,
तेव्हापासून तो नुसती मूठ आवळून उभा.
येशू तिसऱ्या थांब्यावर पडतो, सातव्यावर पडतो, नवव्यावर पडतो.
पाहुणे बहुतेक पाचव्यावर बसतात,
सायमन खांदा देतो तिथे,
कारण नारळपाणीवालीही तिथेच बसते.

माझी आत्या इलुमिनादा मात्र कुठे बसत नसे.
गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी निघायची
आणि अख्ख्या बेटाला फेरी घालून दुसऱ्या दुपारी परत,
एका हातात चपला, दुसऱ्यात लसूण लावलेले शेंगदाणे.
नवस कसला, ते तिने कुणाला सांगितलं नाही.
मरताना एवढंच म्हणाली,
मला खाली ठेवा, आपल्या माणसांत.
पाद्रीबाबा म्हणाले, असं करता येत नाही,
सरकारी नियम आहेत, शिवाय प्रवाळ.
म्हणून ती वर आहे, नव्या दफनभूमीत, भिंतीतल्या कप्प्यात,
तिसरी रांग, क्रमांक एकशे अठरा.
तिथून समुद्र छान दिसतो.
फोटोसाठी थांबायचं असेल तर थांबवीन गाडी.

परवा एक बाई आली, एकटीच.
पाण्यात तोंड घालून इतका वेळ तरंगत राहिली
की मी वल्हं हातात घेतलं.
वर आली तर चष्मा आतून भरलेला.
गळतोय का, विचारलं. बदलून देतो.
नाही म्हणाली, चांगला आहे.
शंभराची नोट जास्त ठेवून गेली.
कोण होतं तिचं, आणि कुठल्या पाण्यात, मी विचारलं नाही.

दगड कुठला आणि प्रवाळ कुठलं
हे आपलं आपल्याला कळत नाही,
कुणीतरी दाखवावं लागतं.
मला बापाने दाखवलं. गेल्या उन्हाळ्यात मी पोराला नेलं,
एर्मिन्हिल्दो, आठ वर्षांचा, छाती अजून पिंजऱ्यासारखी.
एका दमात तळ. त्याचं बोट धरून
एका कोपऱ्यावरून फिरवलं, शेवाळाखालून,
आडवं, आणि मग एकदम उभं.
वर येऊन धापा टाकत म्हणालो,
समुद्राला काटकोन येत नाही, बाळा.
काटकोन दिसला की समजायचं, आपलं कुणीतरी आहे.

तो होडीची कड धरून बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
त्यांना वरून आपलं पोट दिसत असेल, नाही?

एक नोव्हेंबरला आम्ही करवंट्यांत मेणबत्त्या लावून सोडतो.
तेव्हा होड्या बंद. त्या रात्री यायचं तर किनाऱ्यावर उभं राहा,
पैसे नाहीत.

चला, ओहोटी लागायच्या आत निघू.
आणि परत आल्यावर चष्मा
त्या बादलीत बुचकळून ठेवा, गोड्या पाण्यात.
मीठ राहिलं की काच धुरकटते,
मग पुढच्याला काही दिसत नाही.