ओली राहू दे

मंगळवारी भरती बघून लाँच सुटते.
पिशवीत सहा चपट्या पुड्या, सलाईन, मोजपट्टी.
चिलोएच्या या टोकाच्या बेटावर
ओर्तेन्सिया मिलालोंको दार उघडायला उठत नाही,
आतूनच ओरडते: ढकल, कडी नाही.

चुलीशेजारी स्टुलावर पाय.
टाचेखाली जखम, अकरा आठवड्यांची,
चार सेंटिमीटर बाय तीन.
ओहोटीच्या चिखलात शिंपल्याची धार लागली
आणि हिला पत्ताच नाही;
साखरेनं पायाची वाचा कधीच नेलेली.
मोज्याला रक्त लागलंय हे
आधी कुत्र्याला कळलं.

शेजारची एदुविना सांगून गेलीय:
राख लाव, उघडी टाक, वाळू दे.
मीही त्यातच वाढले.
खपली धरली की देव पावला.
आता म्हणते, नको. ओली राहू दे.
नवी कातडी कडेकडेनं आत सरकते,
आंधळी, चाचपडत,
कोरड्यावरून तिला चालवत नाही.
खपली म्हणजे वाटेतला धोंडा,
खालून बोगदा खणत बसते बिचारी.

पुडी फाडते. थलथलता चौकोन,
ताज्या माशाच्या डोळ्यासारखा.
लावला तरी आरपार दिसतं:
लाल, दाणेदार, जितंजागतं.
ती वाकून बघते,
मग उरलेली पुडी नाकाशी नेते. पुन्हा नेते.
"ही तर लुगा."

हो, तुमचंच तांबडं शेवाळ.
उकळून, गाळून, वर आणखी काहीबाही,
पेशींना हाक मारणारं.

"किलोला काय देत होते, ठाऊक आहे?
ओली तर घेतच नसत.
म्हणायचे, वाळवून आणा.
आणि हा तुकडा केवढ्याचा?"

मी सांगते.

ती हसते. इतकी, की पाय स्टुलावरून घसरतो,
जेलची कड सुटते,
दुसरी पुडी फाडावी लागते मला,
म्हणजे महिन्याच्या हिशोबात एक कमी.
हसू ओसरल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघते.
तीस वर्षं वाळवलं गं, म्हणते,
वाळूवर पसरायचं, उलटायचं,
आभाळ भरलं की धावत गोळा करायचं.

मी मोजते. तीन पूर्णांक सहा बाय अडीच.
किती, ती विचारते.
बटाट्याच्या डोळ्याएवढी सरकलीय.

"मग शुक्रवारी ये."
शुक्रवारी लाँच नसते.
"ये," ती म्हणते,
आणि कुत्र्याला पायापासून
लांब हाकलते.