अठरा जर्स्या, अल्टर

मे महिना. दौलतगंजात भर दुपारी चिटपाखरू नसतं,
तेव्हा सान्यालबाई दारात. खांद्यावर गठ्ठा,
गळ्यात शिट्टी.
तिच्या हिंदीत बंगाल, माझ्या हिंदीत वाई,
ग्वाल्हेरनं दोघींना सांभाळून घेतलं.
"अठरा आहेत. गुरुवारी रात्री गाडी."

गाठ सोडली. निळ्या जर्स्या, पुरुषांच्या,
वापरून झालेल्या,
काखेत घामाचे पांढरे नकाशे,
एकीच्या गळ्याशी पानाचा डाग.
"देशाच्या टीमच्या आहेत."
"दिसतंय," मी म्हटलं.
ती आधी हसली नाही. मग अशी हसली
की शिट्टी मशीनवर आपटून वाजली.

संध्याकाळी कंपूच्या मैदानावरून मुली आल्या.
जिन्यात रांग, गुडघ्यांवर वाळलेली माती.
तीस वर्षं मी बायकांची मापं घेते.
टेप लावला की बाई पोट आत ओढते,
खांदे चोरते, फार सैल नको हं म्हणते.
या नुसत्या उभ्या राहिल्या.
गोलकीपर इबेमचा, खांदा साडेसतरा.
दोनदा मोजला. आमच्या ह्यांचा सोळा होता,
आणि ह्यांनी जन्मात काही अडवलं नाही.
फिलोमिना कोंकणीत बोलली, मी मराठीत,
बाकीच्या आमची तोंडं बघत बसल्या.
झुनू ओरिसाची, सगळ्यांत बारकी,
कानाशी येऊन म्हणाली, आतून एक खिसा लावाल?
"मैदानात खिशात काय ठेवणार गं?"
"काही नाही. असला की बरं वाटतं."

आकडे परकराच्या लठ्ठ्यातून कापले.
सहा आणि नऊ एकाच कागदावर, फिरवून.
बाजू आत घेतल्या, जास्तीचं कापड मात्र छाटलं नाही.
माया ठेवावी, कुणाला कधी लागेल सांगता येत नाही,
असं आई म्हणायची, कात्री हातात असताना.

बुधवारी रात्री सान्यालबाई धागे तोडायला बसली.
लाइट गेली. आली.
मग तिनं माझी मापांची वही ओढली
आणि शेवटच्या पानावर नावं लिहायला लागली.
चौदापर्यंत भराभर.
पंधरा.
खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिली.
सोळा.
खाली रेघ मारली, आणि रेघेच्या टोकावर पेन टेकवून ठेवलं
शाई पसरेपर्यंत.
"अठरा म्हणाला होतात ना?"
"तिकिटं सोळा आलीत."

मी काही विचारलं नाही, तिनंच सांगितलं:
एका वर्षी तिचं नाव सतरावं होतं.
कोचनं यादी भिंतीला चिकटवली
आणि जेवायला गेला.
"मी तोंडावर सांगणार."
"सांगून काय कमी होतं?"
"काही नाही."

मग नऊ नंबर उचलला.
"हा शिखाला. कमरेत इंचभर सोडा."
बोट आत गेलं, थांबलं.
"हे काय?"
"खिसा."
"काढून टाका."
मी इंच सोडला. खिसा काढला नाही.
तिनं पाहिलं, आणि पुढचा धागा दातानं तोडला,
कात्री समोर असून.

गुरुवारी सकाळी झुनू एकटी आली, पत्र्याची ट्रंक घेऊन.
तिची गाडी दुसऱ्या दिशेची.
माठातलं पाणी प्यायली, दोन पेले, उभ्यानं.
जिना उतरता उतरता वळली.
"खिसा आहे?"
"आहे."
"बरं."

पैसे सोळांचे मिळाले.
दोनांची बाकी वहीत आहे अजून,
त्याच पानाच्या पाठीवर,
शाई आरपार उतरलीय त्याच्या जरा बाजूला.