खोली किती

आधी सोंड बंद ठेवून चालायचं असतं.
हत्तीची नव्हे. ड्रिलच्या टोकात, पोलादी घरात बसवलेली
वीतभर नळी, दोन सेलवर बोलणारी.
कागदावर तिचं नाव वेगळं आहे,
आम्ही सोंडच म्हणतो.

तर ती बंद. मी घणसोली गावाच्या कमानीपासून
बर्फाच्या कारखान्यापर्यंत
यंत्र हातात लोंबतं ठेवून चालतो
आणि कुणीच बोलत नसताना जो आवाज असतो
तो वहीत लिहून घेतो.
बावीस. सव्वीस. पानटपरीपाशी एकतीस.
कारखान्याच्या भिंतीला साठ.
साठात आपल्या माणसाची हाकही पोचत नाही.

माझा फोन बंद करून गाडीत. तोही गोंगाटच.

मग दस्तगीर पहिला रॉड लावतो.
वॉकीटॉकीवर त्याचा दिवसभर एकच प्रश्न,
खोली किती?
एक दहा. दीड. सहाला धर, ढकल.
दोन वीस. आता फिरव नुसतं.
आमचं घड्याळ वेळ सांगत नाही,
जमिनीखाली टोकाचं तोंड कुठे वळलंय
एवढंच सांगतं.

घरीही सध्या हाच प्रश्न आहे.
कोपरखैरण्याला बायको बघून आली,
दहा बाय बारा, मोरी आत, भाडं नऊ हजार,
मालक म्हणाला शनिवारपर्यंत सांगा.

चौदाव्या रॉडला आकडा नाचायला लागला.
तीन चाळीस.
तीन नव्वद.
रेघ.
मग पाच मीटर, थट्टेत सांगावं तसं.
वर काँक्रीटचा रस्ता, त्यात सळ्यांची जाळी;
यंत्र डोक्यावर उचलून धरलं
जत्रेत पोराला धरतात तसं,
फ्रिक्वेन्सी बदलली, दोनदा.
दस्तगीर, थांब.
थांबलोच आहे. खोली किती?
माहीत नाही.
वॉकीवर बराच वेळ इंजिनचा आवाज.

पुढे दोन मीटरवर गॅसची पिवळी नळी आहे.
म्हणजे नकाशात आहे. नकाशा जुना आहे.
उकिडवा बसलो, रॉड मोजले, उतार मांडला,
सिमेंटच्या पिशवीवर हिशेब केला:
दोन सत्तर.
यंत्र पाच म्हणतंय, पिशवी दोन सत्तर.
पोलाद नेहमी खोली वाढवून सांगतं,
पण इतकी?

पोशा म्हात्रे मघापासून बघत उभे होते,
हातात बोंबलांची पिशवी.
म्हणाले, "तू हुबा हाय ना, तं आमची उघारी व्हती.
भरतीचा पानी हितून शेतान शिरायचा."
उघाडी. खारबांधाची झडप.
रस्त्याखाली भराव, भरावाखाली चिखल,
आणि चिखलात अजून ती भरती मुरलेली,
खारं पाणी, सोंडेचा आवाज पिऊन टाकणारं.
मी वहीत लिहिलं: मीठ.
त्यांना म्हटलं, बाबा, उघाडी किती लांब होती?
त्यांनी पावलं टाकून दाखवली. अकरा.
बारावं टाकताना थबकले,
तिथे कुणाची तरी मोटार उभी होती.

शुक्रवारपर्यंत थांबलो.
शुक्रवारी बर्फाचा कारखाना बंद असतो.
मिठाला सुट्टी नसते,
पण भिंतीचे साठ चौदावर आले
आणि मधल्या अकरा पावलांत पिशवीवरच विसंबलो.
रॉड मागे घेतले, खाली वळवलं, सहाला धर, ढकल, सहाला धर.
बाराव्या पावलाला ती बोलली.
तीन साठ. अगदी बारीक, पण तीच.

संध्याकाळी पलीकडच्या खड्ड्यात टोक निघालं,
खुणेपासून वीतभर डावीकडे,
तोंडभर राखाडी चिखल.
मी सोंड बाहेर काढली, धुतली. कोमट होती.
गाडीत जाऊन फोन चालू केला.
सकाळपासूनचे सहा मिस्ड कॉल, मग एक मेसेज:
खोली गेली. दुसऱ्याने आगाऊ दिले.

सेल काढत बसलो होतो.
दस्तगीरला अजून कळलं नव्हतं टोक निघाल्याचं,
वॉकीवर तो विचारत होता, खोली किती,
अरे, खोली किती?
आवाज स्वच्छ येत होता.