खरखर

निघण्यापूर्वी वजन विचारलं. नियमच आहे.
"एकशे सत्तर पौंड," वासिली म्हणाला, "शिवाय मांडीवर
सुकवलेल्या सॅल्मनची पिशवी. ती धरायची का?"
धरली. वहीत लिहिली. दोघंही हसलो.

बेथेल अजून बावीस मिनिटं दूर,
खाली कुस्कोक्विम नदी, अर्धी गोठलेली,
आणि तो बोलता बोलता सुकाणूवर कलंडला.
नाक खाली गेलं. मागून नात काहीतरी ओरडली,
इंजिनानं ते गिळलं.

आधी विमान, मग माणूस, असं शिकवलेलं.
शिकवणाऱ्याच्या शेजारी कुणी असं कलंडलं होतं का,
ठाऊक नाही.
नाक वर घेतलं. कोपरानं त्याला मागे रेटलं, पट्टा आवळला.
"नास्तास्या, मागून हनुवटी वर धर. तशीच. सोडू नकोस."
रेडिओवर माझा आवाज असा निघाला
की जणू कुणी हवामान वाचून दाखवतंय.

मग आठवलं, त्याचा माइक ओठांशीच आहे.
बारीक आवाज गाळणारी खुंटी मी पार उलटी पिळली
आणि खरखरीसकट
त्याचा श्वास आला, माझ्या दोन्ही कानांत.
एक.
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग एक.

उंची, वेग, तेल वाचावं
तसा तोही वाचत आले, धावपट्टीपर्यंत.
रुग्णवाहिका उभीच होती.
त्याला उतरवलं. पिशवी राहिली.

नऊ दिवस झाले. अँकरेजहून निरोप नाही.
नवे प्रवासी कुरकुरतात, कानात फार खरखर येते म्हणून.
खुंटी मी अजून फिरवलेली नाही.