बाहेर पडल्याची नोंद नाही

मिरजोळ्याच्या कोळंबी कारखान्यात
अकरा दारं, भिंतींवर बावीस डबे,
आणि तीनशे बारा कार्डं, माझ्याच हातून वाटलेली.
दर दोन महिन्यांनी डब्यांच्या पाठी साचलेलं
हिरवट मीठ खरवडतो मी
टाकून दिलेल्या टूथब्रशने.
समुद्र इथून दिसत नाही.
तारांना दिसतो.

कार्डात बॅटरी नसते.
चार बोटांवर आलं
की डब्याच्या उसन्या विजेवर जागं होतं क्षणभर.
डबा विचारतो, दर वेळी वेगळं काहीतरी.
कार्ड गुपित सांगत नाही,
ते आपल्याला ठाऊक आहे एवढंच पटवतं,
आणि विझतं.
पहिल्या दिवशी बायकांना हे समजावलं
तर मागच्या रांगेतून आवाज आला,
"म्हंजे नवी सूनच की ही!"
सगळा हॉल हसला.
मी घरी जाऊन, जेवताना हसलो,
मग बायकोकडे बघून गप्प बसलो.

पुण्याच्या इंजिनियरने आराखड्यात लिहिलं होतं,
'वापरणारा कार्ड हातात धरेल.'
कुठल्या हातात?
दोन्ही हातांत टब, टबात बर्फ, बर्फात कोळंबी,
बोटं भिजून भिजून पांढरी.
आठवड्याभरात त्यांनीच उपाय काढला.
कार्ड कमरेच्या बटव्यात,
दाराशी आलं की एक हलका हेलकावा, पिक्,
कमरेनं उघडतात त्या दार.
मी डबे वीतभर खाली आणले.
आराखड्यात तशी दुरुस्ती
अजून केलेली नाही.

मे महिन्यात एकदा
रात्री दहा बावन्नला फोन वाजला.
शीतगृह दोन. आत एक.
सुगंधा पावसकर, आत गेली पाच बावन्नला.
बाहेर पडल्याची नोंद नाही.
आत उणे अठरा.

रखवालदार नझीर आणि मी
म्हाकुलाच्या खोक्यांमधून फिरलो.
हाक मारली की नाव
तोंडापुढेच वाफ होऊन राहायचं.
खोकी हलवली. ताडपत्र्या उचलल्या.
नझीर पुटपुटत होता काहीतरी, मी विचारलं नाही.
कोणी नव्हतं.

मग भाट्याचा पूल ओलांडून
मोटरसायकल फणसोपपर्यंत.
ओट्यावर ती बसली होती,
घमेल्यात गरम पाणी, पाण्यात पाय.
"काय झाला?"
"तुम्ही आत आहात," मी म्हणालो.
दुसरं काही सुचलंच नाही.

"नजमाच्या मागसून आलंय भायर.
दार उघडाच होता,
परत कशाला कंबर मारू?"
हसली. मग हसू अर्ध्यावर ठेवून
बोटं मोजायला लागली,
सहा, सात, आठ, नऊ, दहा.
"आणि आत असलंय तर?"

पाच तासांची मर्यादा
मीच घातली होती,
उगाच रात्री-अपरात्री फोन नकोत म्हणून.
हे मी तिला सांगितलं नाही.
पाणी निवत चाललं होतं.
तिनं एक पाय काढून पुसला,
दुसरा तसाच ठेवला.

सकाळी फाटकावर तिचं कार्ड लाल.
डब्याच्या मते ती आतच होती,
आत असलेल्या माणसाला
आत कसं घ्यायचं?
मागे रांग, कोणीतरी टबावर ताल धरलेला.
मी पडद्यावर हातानं लिहिलं, बाहेर.
खाली कारणाचा रकाना. रिकामा सोडला
तर पुढे जाऊ देत नाही.
लिहिलं, 'घरी जाऊन पाहिलं.'

मर्यादा आता वीस मिनिटं.
फोन वाजतात. जातो.

पण हल्ली कमी वाजतात.
दोघी एकदम बाहेर पडल्या,
पहिलीनं पायानं दार अडवून धरलं,
तरी दुसरी डब्याशी थांबते,
कंबर मारते.
पिक्.
नजमा तर परवा दोनदा मारून गेली.
म्हणाली, "एक माझी.
एक तुझ्या झोपेची."